कोणाचा चेहरा, कोणाचा आवाज : जुन्या कुंग फू चित्रमालेच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

मंडळाच्या बैठकीत मार्चचा कार्यक्रम पक्का झाला. चार शनिवार, चार जुने हाणामारीपट, प्रत्येकानंतर अर्धा तास निवडक तुकडे दाखवून चर्चा, शिवाय घरी न्यायला मराठीत एक घडीपत्रिका. समितीने विषयाला नाव दिलंय ‘मार्शल आर्ट्सपटांतील विविधता व प्रतिनिधित्व’. नाव सरकारी परिपत्रकातलं वाटतं, पण विषयात दम आहे. टिपणं, तुकडे आणि पत्रिका माझ्याकडे. हक्कांचा पत्रव्यवहार, प्रोजेक्टर आणि चहा बाकीच्यांकडे.

यादी : ‘कम ड्रिंक विथ मी’ (१९६६), ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७२), ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३), ‘हीरोज ऑफ द ईस्ट’ (१९७८).

पद्धत : कृष्णवर्णीय किती, बायका किती, भारतीय किती अशी शिरगणती करायची नाही. शिरगणतीत ‘एंटर द ड्रॅगन’ पहिला येईल, सगळे माना डोलावतील आणि विषय तिथेच मिटेल. त्यापेक्षा प्रत्येक पात्रामागे तीन रकाने ठेवते. त्याला नाव आहे का? त्याच्या तोंडून येणारा आवाज कुणाचा? पडदा पडतो तेव्हा ते पात्र जिवंत आहे का?

११ जानेवारी

नावांचा घोळ आधी निस्तरला, नाहीतर पत्रिकेत गोंधळ होईल. ‘द बिग बॉस’ अमेरिकेत ‘फिस्ट्स ऑफ फ्युरी’ म्हणून लागला. मग खऱ्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ला नाव उरलं नाही, तो ‘द चायनीज कनेक्शन’ झाला. पत्रिकेत हाँगकाँगची नावंच वापरायची.

शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या बड्या स्टुडिओच्या चित्रपटाची आलेली प्रत फक्त इंग्रजी डबिंगची निघाली. परत पाठवली, मँडरिन ध्वनिपट्टीची मागवली. अर्थात मँडरिन म्हणजे ‘मूळ आवाज’ असंही नाही. त्या काळी हाँगकाँगमध्ये शूटिंगला आवाज घेतच नसत, सगळं मागाहून डब व्हायचं. त्यातून शहर बोलणार कँटोनीज आणि मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट बोलणार मँडरिन, कारण बाजार तैवानपासून सिंगापूरपर्यंत पसरलेला. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’च्या मँडरिन प्रतीत खुद्द ब्रूस लीच्या तोंडी दुसऱ्याचाच आवाज आहे. आवाजाचा रकाना पहिल्याच आठवड्यात कामाला लागला.

१९ जानेवारी

‘एंटर द ड्रॅगन’. आज फक्त हान या खलनायकावर बसले.

हानची भूमिका शिह किएन यांची. हाँगकाँगच्या प्रेक्षकाला हा चेहरा नवा नव्हता. वाँग फेई-हुंग या चिनी लोकनायकावर १९४९ पासून निघत गेलेल्या चित्रपटांतला हा ठरलेला दुष्ट माणूस. आपल्याकडे प्राण पडद्यावर आला की थिएटरात जी कुजबुज व्हायची, तसलं त्यांचं स्थान. पण त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. ओळी त्यांनी ओठांनी म्हटल्या आणि त्यावर आवाज चढवला कीय ल्यूक यांनी.

हा ल्यूक माणूस म्हणजे या सगळ्या विषयाचा दोरा आहे. ग्वांगझूत १९०४ साली जन्म, वाढला सिॲटलमध्ये. १९३५ पासून चार्ली चॅन या चिनी डिटेक्टिव्हच्या चित्रपटांत त्याचा थोरला मुलगा. मुलगा चिनी वंशाचा, आणि बाप? वॉर्नर ओलँड, जन्माने स्वीडिश. म्हणजे चिनी माणसाला चिनी मुलगा होता येत होतं, चिनी बाप होता येत नव्हतं. १९४० मध्ये ‘ग्रीन हॉर्नेट’च्या मालिकापटात ल्यूक केटो झाले, म्हणजे नायकाचा ड्रायव्हर-कम-लढवय्या. हा केटो रेडिओवर आधी जपानी होता, मग फिलिपिनो झाला, १९४० च्या पडद्यावर कोरियन. लिहिणाऱ्यांना फरकाचं फारसं सोयरसुतक नव्हतं. १९६६ मध्ये टीव्हीवर तोच केटो ब्रूस लीकडे आला. मालिका एका वर्षात, २६ भागांत आटोपली, पण हाँगकाँगमध्ये लोक तिला केटोचीच मालिका म्हणत.

पुढे १९७२. अमेरिकन टीव्हीवर ‘कुंग फू’ सुरू झाली. नायकाच्या भूमिकेसाठी ब्रूस लीचा विचार झाला होता, निवड झाली डेव्हिड कॅराडीनची. आणि कॅराडीनला शिकवणारे आंधळे गुरू मास्टर पो कोण? पुन्हा कीय ल्यूक.

तर ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ली आणि हान समोरासमोर उभे राहून बोलतात तेव्हा ऐकू येतात दोन केटो. तुकडा घेतला. आधी आवाज बंद करून दाखवायचा, मग आवाजासकट. ब्रूस लीच्या बाजूने बघितलं तर प्रमुख भूमिकेत त्याचा स्वतःचा इंग्रजी आवाज घेऊन हॉलिवूडने काढलेला हा पहिला चित्रपट. आणि चित्रपट लॉस एंजेलिसला ऑगस्ट १९७३ मध्ये लागायच्या आधी, २० जुलैला, ब्रूस ली हाँगकाँगमध्ये वारला होता.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर दुपारभर विल्यम्स, म्हणजे ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये हानच्या बेटावरच्या स्पर्धेला येणाऱ्या तिघा पाहुण्यांपैकी कृष्णवर्णीय लढवय्या. बाकी दोघे ली आणि रूपर.

जिम केलीचा विल्यम्स हा मंडळातल्या सगळ्यांच्या आवडीचा. भूमिका आधी दुसऱ्या नटाकडे होती, तो ऐनवेळी बाहेर पडला म्हणून केलीला मिळाली. केली नट कमी, कराटेपटू जास्त. १९७१ च्या लाँग बीच स्पर्धेतला मिडलवेट विजेता. त्याची पूर्वकथा दोन-तीन मिनिटांत उरकते, पण काय उरकते! आधी दोजो, म्हणजे कराटेची तालीम. भिंतीवर, कपड्यांवर ब्लॅक कराटे फेडरेशनचं चिन्ह. ही लॉस एंजेलिसमधली खरी संघटना आणि समोर शिकवताना दिसणारे तिचे स्टीव्ह सँडर्सही खरेच. मग रस्ता. दोन गोरे पोलीस गाडी थांबवतात, उगाच कळ काढतात, मार खातात, आणि विल्यम्स त्यांचीच गाडी घेऊन निघून जातो. मग हाँगकाँगचं बंदर, गर्दीने लागलेल्या सँपान होड्या, त्यांवर राहणारी माणसं. तो बघतो आणि गरीब वस्त्या सगळीकडे सारख्याच, अशा अर्थाचं एक वाक्य टाकतो. तिघा पाहुण्यांत बंदरातल्या माणसांकडे असं बघणारा हा एकटाच.

रूपर, म्हणजे जॉन सॅक्सन, हा जुगारी, कर्जात बुडालेला. त्याला अशी नजर दिलेली नाही. आणि शेवटपर्यंत जगतो तो रूपर. विल्यम्सला हान लोखंडी हाताने मारतो आणि साखळीला लटकवून रूपरला दाखवतो. तिसऱ्या रकान्यात फुली.

शिवाय बायका निवडायच्या प्रसंगात विल्यम्स एक नाही, चार-पाच निवडतो आणि वर दमलोय म्हणतो. तिथे प्रेक्षक हसतात. कृष्णवर्णीय पुरुषाविषयीचं एक जुनं, घाणेरडं गृहीतक त्या हशात आहे, हे पत्रिकेत स्पष्ट लिहायचं. समितीतल्या काकांना ते ‘उगाच खोदकाम’ वाटलं. मी वाक्य ठेवलं.

दुसरी बाजूही लिहायला हवी. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओने केलीला लगेच तीन चित्रपटांचा करार दिला आणि १९७४ मध्ये ‘ब्लॅक बेल्ट जोन्स’मध्ये तो नायक झाला, दिग्दर्शक ‘एंटर द ड्रॅगन’चेच रॉबर्ट क्लाउज. यामागे हिशेब होता. मे १९७३ मध्ये अमेरिकेच्या तिकीट खिडकीवर एका आठवड्यात पहिल्या तिन्ही जागांवर हाँगकाँगचे चित्रपट होते, आणि शहरांच्या मध्यवस्तीतल्या उतरत्या थिएटरांत ते बघायला मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय तरुण येत होते. गोरा नसलेला नायक, हातात बंदूक नाही, समोर मालक किंवा परका सत्ताधीश. आणखी काय हवं होतं त्यांना?

४ फेब्रुवारी

‘फिस्ट ऑफ फ्युरी’चा बागेच्या फाटकाचा प्रसंग. बैठक यावरच तापली.

शांघायची बाग. नायक चेन झेन आत जायला निघतो. फाटकावर फेटेवाला, दाढीवाला शीख दारवान त्याला अडवतो आणि पाटीकडे बोट करतो : कुत्री आणि चिनी लोकांना प्रवेश नाही. परदेशी बाईचं कुत्रं मात्र आत जातं. मग जपानी माणसं येऊन चेनला कुत्र्यासारखं रांगत यायला सांगतात, आणि पुढे काय होतं ते प्रत्येक व्हिडिओ पार्लरवाल्याला पाठ होतं. पाटी हवेत, लाथ, तुकडे.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, भारतीयांना नोकर दाखवून अपमान केलाय, तुकडा गाळा. दुसऱ्याचं म्हणणं, काहीच अपमान नाही, तसं होतंच. इतिहास दुसऱ्याच्या बाजूने आहे, पण तेवढ्याने भागत नाही. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलिसांत १८८० च्या दशकापासून शिखांची तुकडी होती, इंग्रजांनी नेलेली. १८६८ मध्ये उघडलेल्या त्या बागेत चिनी लोकांना १९२८ पर्यंत मज्जाव होता, हेही खरं. पाटीवर मात्र ते एकाच ओळीत नव्हतं. १९१७ च्या नियमांत बाग परदेशी समाजासाठी राखीव हे एक कलम आणि कुत्री-सायकली नकोत हे दुसरं. चित्रपटाने दोन कलमं एकत्र करून एक ठोसा बनवला.

माझं मत : दारवानाचं असणं खटकत नाही, त्याचं फाटकाइतकंच असणं खटकतं. त्याला नाव नाही. तोही कुणाच्या तरी राज्यात पोटासाठी गणवेश चढवून उभा आहे, हे चित्रपटाला सुचत नाही. तेवढी उसंत त्या चित्रपटाकडे नव्हती आणि १९७२ च्या हाँगकाँगमध्ये, जिथे राज्य अजून इंग्रजांचंच होतं, ती मागणं थोडं जास्तच.

तुकडा राहणार.

जपानी पात्रांबद्दल एकच ओळ घालते. सगळी दुष्ट आहेत, पण सुझुकीच्या भूमिकेतले रिकी हाशिमोतो खरे जपानी, एके काळचे व्यावसायिक बेसबॉलपटू. जपानी पोशाख चढवलेला चिनी नट नव्हे. त्या काळात हेही नेहमी होत नसे.

१२ फेब्रुवारी

योगी.

जिमी वाँग यूच्या ‘वन-आर्म्ड बॉक्सर’मध्ये भाडोत्री मारेकऱ्यांची आख्खी पलटण येते : तिबेटी लामा, थाई बॉक्सर, जपानी, कोरियन, आणि एक भारतीय योगी. ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’मध्ये (१९७६) योगी परत येतो आणि या खेपेला त्याचे हात रबरासारखे लांब होतात. वाँग विंग-संग हा चिनी नट, अंगाला तपकिरी रंग, डोक्याला फेटा. पुढे १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मधला लांब हातांचा धाल्सीम याच्यावरूनच आला. आमच्या पिढीने गेम पार्लरमध्ये नाणी घालून आधी धाल्सीम पाहिला, मूळ योगी नंतर.

तुकडा बघून भाचा लोळून हसला. मीही हसले, कारण प्रसंग खरोखर भन्नाट आहे. पण नुसता हा तुकडा दाखवून ‘बघा, आपल्याला कसं रंगवलं’ म्हणणं फार सोपं होईल. आपलं काय? सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर शांतारामबापूंनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. त्यात कोटणीसांची चिनी पत्नी गुओ चिंगलान यांची भूमिका केली जयश्रीबाईंनी. ‘हावडा ब्रिज’मध्ये (१९५८) चिनी बदमाश जॉन चँग म्हणजे मदन पुरी. कोल्हापूरच्या मंडळात, जिथे १९२९ साली प्रभात उभी राहिली त्या गावात, हे आपणच बोलायला हवं. दोन्ही तुकडे लागोपाठ : आधी योगी, मग जयश्रीबाई. मध्ये भाष्य नाही.

ज्येष्ठ सभासदांपैकी एकीला हे आवडलं नाही. ‘त्यात टिंगल नव्हती, आदर होता,’ त्या म्हणाल्या. ते खरंच आहे. पत्रिकेत त्यांचं म्हणणंही घेतलं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. मिरवणुकीचा आवाज खिडकीतून, आत ‘कम ड्रिंक विथ मी’. सोबत कराटे शिकवणाऱ्या ताई.

नायिका चेंग पेई-पेई तेव्हा जेमतेम विशीची, शिक्षण नृत्याचं. किंग हू या दिग्दर्शकाने तेच वापरलं. खानावळीतला प्रसंग : पुरुषवेषातली गोल्डन स्वॅलो एकटी टेबलाशी बसलेली. दरोडेखोर चहूबाजूंनी जागा घेतात, एकेक जण येऊन तिला चाचपून जातो. ती हलत नाही. ताईंनी रिमोट मागून घेतला आणि तिची पाठ दाखवली. ‘खांदे बघा. कुठेच ताण नाही. हे शिकवायला मला दोन वर्षं लागतात.’ ताणून धरलेली वेळ मोठी, मारामारी त्या मानाने छोटी.

उत्तरार्धात मात्र सूत्रं यूएह हुआच्या दारुड्याकडे जातात आणि शेवटची मोठी लढत त्याची. ताईंनी तिथे चहा मागवला.

तरीही साठीच्या दशकात या धंद्यात बायका बिनीला होत्या, हे विसरलं जातं. १९६७ च्या ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’नंतर दिग्दर्शक चँग चेहने उघड्या छातीच्या, रक्तबंबाळ पुरुषांचा जमाना आणला आणि पारडं फिरलं. तेव्हाही अँजेला माओ होती. तैवानच्या ऑपेरा शाळेत तयार झालेली. १९७२ च्या ‘हापकिडो’त ती पहिल्या नावाची नायिका, सामो हुंग तिच्या जोडीला. दुसऱ्याच वर्षी ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये तीच अँजेला माओ ब्रूस लीच्या बहिणीच्या भूमिकेत काही मिनिटं लढते, कोंडीत सापडते आणि काचेचा तुकडा स्वतःला खुपसून घेते. तिन्ही रकाने भरले तर दोन चित्रपटांत एकाच बाईची दोन वेगळी नशिबं दिसतात. जागतिक प्रेक्षक मिळाला आणि भूमिका आक्रसली. हे कोष्टक पत्रिकेच्या मधल्या पानावर, मोठं.

चेंग पेई-पेई गेल्या जुलैत गेल्या. पहिला शनिवार ८ मार्चचा आहे, तो त्यांना अर्पण.

२४ फेब्रुवारी

‘हीरोज ऑफ द ईस्ट’. माझ्या मते चौघांत सर्वांत शहाणा आणि सर्वांत कमी पाहिला गेलेला.

लाउ कार-लुंगचा चित्रपट, नायक गॉर्डन लिऊ. लग्न ठरलेलं, नवरी जपानी. नवरा-बायको कुणाची युद्धकला भारी यावरून भांडतात, सरावात घराची नासधूस होते, ती माहेरी निघून जाते. तो तिला बोलावण्यासाठी डिवचणारं पत्र लिहितो. तिकडे ते सगळ्या जपानी कलांना आव्हान म्हणून वाचलं जातं आणि सात उस्ताद दारात येतात. तलवार, भाला, कराटे, ज्यूडो असं एकेक. कुणीही मरत नाही! १९७८ च्या शॉ ब्रदर्समध्ये ही बातमीच म्हणायची. तलवारवाला हरतो आणि रिवाजाप्रमाणे तलवार पुढे करतो. चिनी नायक भिडस्तपणे ती नाकारतो, आणि समोरच्याचा अपमान होतो. तोवर नुसता कोण जिंकलं हा प्रश्न होता. या प्रसंगात कळतं की जिंकणाऱ्यालाही समोरच्याची रीत माहीत असावी लागते.

खोट एकच, पण मोठी. युका मिझुनोने साकारलेली बायको पूर्वार्धात चित्रपट खांद्यावर घेते आणि उस्ताद आले की कडेला उभी राहून बघत बसते.

नावाच्या रकान्यात आज कॅमेऱ्यामागचा माणूस आला. ‘कम ड्रिंक विथ मी’ आणि ‘वे ऑफ द ड्रॅगन’ टिपणारे तादाशी निशिमोतो जपानी. श्रेयनामावलीत मात्र हो लान-शान हे चिनी नाव. अमेरिकेत ज्या ‘किंग बॉक्सर’ने लाट उठवली, त्याचा दिग्दर्शक जिओंग चांग-ह्वा कोरियन, नायक लो लिए इंडोनेशियात जन्मलेला. पडद्यावर चिनी विरुद्ध परके, सेटवर सगळे एका डब्यातलं जेवणारे.

२ मार्च

पत्रिका छपाईला. पोस्टरच्या मसुद्यात कुणीतरी ‘कुंग फू : मूळ भारताचं!’ घातलं होतं. काढलं. भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्माने शाओलिन मठातल्या भिक्षूंना लढायला शिकवलं, ही गोष्ट १६२४ च्या सुमाराच्या एका व्यायामग्रंथावर उभी आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी. इतिहासकार ती मानत नाहीत. मर्दानी खेळाच्या वस्तादांना शंका विचारली तर ते म्हणाले, ‘आपला पट्टा आपला हाय, त्यांचं त्यांचं. कशाला वाटणी मागायची?’ पोस्टरवर आता नुसती वेळ आणि ठिकाण.

१६ मार्च

काल ‘फिस्ट ऑफ फ्युरी’. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी कोण येणार असं वाटलं होतं, खुर्च्या मागवाव्या लागल्या. पाटी फुटल्यावर शिट्ट्या. नंतर फाटकाचा तुकडा पुन्हा, सावकाश. मागच्या रांगेतून एक निवृत्त फौजी म्हणाले की मला त्या सरदाराच्या बुटांकडे बघायचंय, परत लावा. लावला. बूट चौकटीत नीट येत नाहीत. त्यांनी हरकत नोंदवली.

३० मार्च

पाडवा. काल मालिका संपली. वादावादी झाली ती बायको कडेला का उभी राहते यावर, आणि ती बहुतेक मुलींनीच केली.

त्यातल्या एकीने आम्हाला कामाला लावलं. चेहरा आणि आवाज झाला, पण उडी कुणाची, असं तिने विचारलं. प्रश्न रास्त आहे. ब्रूस लीच्या कोलांट्या युएन वाह मारायचा. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’त सुझुकी दरवाजा फोडून अंगणात फेकला जातो, ते अंग जॅकी चॅनचं, तेव्हा तो साधा स्टंटवाला होता. पुढच्या मालिकेसाठी तक्त्यात चौथा रकाना वाढवला आणि ‘येस, मॅडम’ (१९८५) यादीत घेतला : मलेशियातल्या इपोहची मिशेल यो, अमेरिकेची सिंथिया रॉथरॉक, दोघी पोलीस, आणि बऱ्याचशा उड्या स्वतःच्या. हक्कांसाठी पत्र उद्या टाकायचं. या खेपेला ध्वनिपट्टी कँटोनीजच हवी, हे पहिल्याच ओळीत.